बाई, कॅन्सरवर औषध असतं का?

मुलांनो, गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाची गोष्ट. पाऊस अजून यायचा होता. वर्गात बसल्या बसल्या घामाच्या धारा लागत होत्या. आणि अशा उकाड्यात एक मुलगा चक्क लोकरीची कानटोपी घालून चौथीच्या वर्गात येऊन बसला!

त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण त्याला बाळू म्हणू या. बाळू तिसरीतही माझ्याच वर्गात होता. पण जुलै संपता संपता त्याचं शाळेत येणं बंद झालं. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि मुंबईला उपचार चालू होते. आता डॉक्टरांनी शाळेत जायची परवानगी दिली होती.

थोड्या वेळानं पाहते तर काय, बाळूच्या शेजारची मुलं हळूहळू सरकत दुसऱ्या बाकांवर गेली होती. त्याच्या बाकावर तो एकटाच! मधल्या सुट्टीत कोणीतरी त्याची टोपी ओढली. आत केस नव्हते, नुसती बारीक लव होती. कोणी हसलं, कोणी घाबरलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई मला भेटायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्या पोरीला त्याच्याजवळ बसवू नका हो. लागण झाली म्हणजे?"

त्याच दिवशी शेवटच्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, कॅन्सरवर औषध असतं का? आमचे आजोबा म्हणतात, नसतं."

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. बाळूही पाहत होता.

खरं सांगू? मला नीट उत्तर देता आलं नाही. "असतं रे, असतं," एवढंच मी म्हणाले आणि घंटा झाली. मग मी पुस्तकं मिळवून वाचली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. आणि पुढचे चार शनिवार आम्ही वर्गात हाच विषय घेतला. तेच आज तुम्हाला सांगते. तुमच्या वर्गातही एखादा बाळू असेल, नाही का?

हट्टी पेशी

आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं आहे. त्या इतक्या लहान असतात की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. एका पेशीच्या दोन होतात, जुन्या मरतात, नव्या त्यांची जागा घेतात. गुडघा खरचटला की आठवड्याभरात नवी कातडी येते, ती अशीच. जखम भरली की पेशी थांबतात. कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, याचे हुकूम प्रत्येक पेशीच्या आत लिहिलेले असतात.

कधी कधी एखाद्या पेशीतले हे हुकूमच बिघडतात. मग ती थांबतच नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तिची पिल्लंही तशीच हट्टी. ती शेजारच्या चांगल्या पेशींची जागा बळकावतात, त्यांचं अन्न खातात. कधी रक्तातून वाहत जाऊन दुसरीकडेही घर करतात. हाच कॅन्सर, म्हणजे कर्करोग. कर्क म्हणजे खेकडा. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक वैद्यांना अशा गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी खेकड्याचं नाव दिलं. तेच अजून चालू आहे.

आता एक गंमत लक्षात घ्या. हाडाच्या पेशी वेगळ्या, रक्ताच्या वेगळ्या, डोळ्याच्या वेगळ्या. म्हणून हाडाचा कॅन्सर वेगळा, रक्ताचा वेगळा, डोळ्याचा वेगळा. कॅन्सर हा एक आजार नाहीच मुळी. ते शंभराहून अधिक आजारांचं आडनाव आहे! मग सगळ्यांवर एकच औषध कसं चालेल?

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. त्यांना मी विचारलं, "रानात तण माजलं तर काय करता?" सगळे एकदम बोलू लागले. एका जागी असेल तर खुरप्यानं काढायचं. बांधावरचं जाळायचं. सगळ्या रानात पसरलं असेल तर फवारणी करायची. एकजण म्हणाला, "आणि हरळी असली तर, बाई, नुसती कापून चालत नाही. मुळ्या राहिल्या की परत फुटते."

शाब्बास! डॉक्टर जवळजवळ हेच करतात. कुठलं तण आहे, कुठे आहे आणि किती पसरलंय ते आधी पाहतात. त्यासाठी गाठीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मगच ठरतं, खुरपं घ्यायचं की फवारणी.

खुरपं म्हणजे शस्त्रक्रिया

गाठ एकाच जागी असेल तर ती कापून काढणं हा सर्वांत जुना उपाय. पोटातल्या, तोंडातल्या, स्तनातल्या कितीतरी कॅन्सरांवर आजही तो पहिला उपाय आहे. तंबाखू, गुटखा आणि मावा खाणाऱ्यांना तोंडाचा कॅन्सर होतो, तेव्हा बहुधा आधी शस्त्रक्रियाच करतात आणि गरज पडली तर नंतर किरण देतात.

पूर्वी डॉक्टर खूप कापत. थोडंसुद्धा उरू नये म्हणून मोठा भाग काढून टाकत. हाडाचा कॅन्सर झाला तर बहुतेक वेळा हात किंवा पाय काढावा लागे. कॅनडातल्या टेरी फॉक्सचं नाव तुम्ही ऐकलंय का? १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १९८० मध्ये तो नकली पाय लावून कॅनडा देश पळत ओलांडायला निघाला. कशासाठी? कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर पळाला. मग कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. १९८१ मध्ये तो गेला. पण त्याच्या नावानं अजून अनेक देशांत लोक पळतात आणि पैसे गोळा करतात.

आज हाडाच्या कॅन्सरवर आधी औषधं देऊन गाठ आटवतात. मग पुष्कळ मुलांचा पाय न कापता हाडाचा तेवढाच भाग काढून तिथे धातूचा सांधा बसवता येतो. तेच स्तनाच्या कॅन्सरचं. वेळेवर कळलं तर आता अनेक बायकांची फक्त गाठ काढतात आणि पुढचं काम किरणांवर आणि औषधांवर सोपवतात. खुरपं तेच, पण चालवायचा हात हलका झाला.

न दिसणारे किरण

१८९५ मध्ये जर्मनीत राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्यूरी या नवरा-बायकोनं रेडियम शोधलं. या किरणांनी पेशी मरतात हे लवकरच लक्षात आलं. मग डॉक्टरांनी विचार केला, हट्टी पेशींवरच ते का सोडू नयेत?

आज मोठमोठ्या यंत्रांतून हे किरण नेमके गाठीवर सोडतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं असं एक यंत्र भारतातच तयार केलं. डॉ. होमी भाभांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं 'भाभाट्रॉन'. आहे की नाही झकास नाव?

किरण घेताना दुखत नाही. खोलीत एकट्यानं काही मिनिटं अगदी स्थिर पडून राहायचं. डोकं हलू नये म्हणून डोक्याच्या मापाची जाळीदार जाळी बसवतात. सगळे किरण एकदम देत नाहीत. थोडे थोडे, आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे देतात. का बरं? किरणांचा मार चांगल्या पेशींनाही बसतो. पण त्या आपली मोडतोड दुरुस्त करून घेतात. हट्टी पेशींना ते नीट जमत नाही. मधल्या वेळात चांगल्या पेशींना सावरायला सवड मिळते.

थायरॉइडच्या कॅन्सरची तऱ्हा तर फारच मजेदार. गळ्यातली ही ग्रंथी अन्नातलं आयोडीन ओढून घेते. म्हणून तर मिठात आयोडीन घालतात. डॉक्टरांनी युक्ती केली. किरण सोडणारं आयोडीन रुग्णाला गोळी म्हणून किंवा पाण्यासारखं प्यायला द्यायचं. थायरॉइडच्या पेशी कुठेही लपलेल्या असोत, ते आयोडीन आपणहून ओढून घेतात आणि त्यातच मरतात! पण ही युक्ती हाडाच्या कॅन्सरवर चालणार नाही. हाडं काही असं आयोडीन ओढत नाहीत. पाहा, प्रत्येक कॅन्सरची चाल वेगळी, म्हणून डावही वेगळा.

बाळूचं काय झालं होतं?

बाळूच्या आजारात मात्र कापायला गाठच नव्हती. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तिथे बाळूच्या पांढऱ्या पेशी बिघडल्या आणि भराभर वाढल्या. चांगल्या रक्ताला जागाच उरली नाही. लाल पेशी कमी झाल्या, म्हणून तो पांढराफटक पडला आणि दमू लागला. रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी कमी झाल्या, म्हणून हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि कुठे आपटलं नसतानाही पायांवर काळेनिळे डाग पडले. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, म्हणून सारखा ताप येऊ लागला.

आणि मी काय केलं होतं, ठाऊक आहे? तिसरीत असताना तो कवायतीच्या तासाला मटकन खाली बसायचा. मी त्याला रागावले होते. "आळशी कुठला! जेवून येत नाहीस का?" असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. पायावरचे डाग मी पाहिले होते, पण झाडावर चढला असेल असं समजले. पुढे शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्याची पापणी ओढून पाहिली, पोट चाचपलं आणि त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. तोवर तीन आठवडे वाया गेले होते. ते तीन आठवडे मी विसरलेले नाही.

सदाफुली आणि नकली फॉलिक ॲसिड

आता मोठी गोष्ट ऐका. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई यांना रक्ताचा कॅन्सर झाला. घरात पैशाला काय तोटा? पण त्या काळी जगातल्या कुठल्याही दुकानात या आजाराला बरं करणारं औषधच नव्हतं. १९३१ मध्ये त्या गेल्या. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं.

आणि आज एका शेतकऱ्याच्या मुलाला या आजारावरचं औषध मिळतं. ते आलं कुठून?

एक धागा आंध्रातून येतो. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये भीमावरमला झाला. १९२३ मध्ये ते अमेरिकेला गेले. फॉलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व पेशींना वाढायला लागतं. सुब्बाराव आणि त्यांच्या सोबत्यांनी फॉलिक ॲसिडसारखंच दिसणारं, पण नकली असं रसायन बनवलं. हट्टी पेशी ते खरं समजून घेतात आणि त्यांची वाढ अडून बसते. खोटं नाणं दुकानात चालतं का? तसंच! बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी हे औषध रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ मुलांना दिलं. त्यांतल्या १० मुलांना उतार पडला, असं त्यांनी १९४८ मध्ये जाहीर केलं. हा उतार काही महिनेच टिकला. पण या आजारात औषधानं उतार पडतो, हेच तेव्हा जगाला नवं होतं. त्याच औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट. ते बाळू आजही घेतो.

दुसरा धागा तुमच्या अंगणात आहे. सदाफुली! जांभळट गुलाबी, पाच पाकळ्यांची. हिचं मूळ गाव मादागास्कर बेट. जमैकात लोक मधुमेहावर हिच्या पानांचा काढा घेत. तिथून काही पानं कॅनडातल्या डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. त्यांनी त्यांचा अर्क उंदीर-सशांवर तपासला. साखर काही फारशी उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानं कमी झाल्या! नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी मग त्यातलं औषध वेगळं काढलं. सदाफुलीतूनच पुढे व्हिन्क्रिस्टीन निघालं. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना ते आजही देतात.

पण हं, खबरदार! सदाफुलीची पानं चावायची नाहीत आणि कोणाला रसही द्यायचा नाही. ती विषारी आहेत. पानात औषध अगदी कणभर असतं. ते शुद्ध करून, मोजून, थेट शिरेतूनच द्यावं लागतं.

अशा औषधांच्या उपचाराला केमोथेरपी म्हणतात. ही आपली फवारणी. रक्तातून ती सगळ्या अंगभर जाते. भराभर वाढणारी पेशी दिसली की तिला गाठते. पण भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतातच की. केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या आतल्या कातडीच्या. म्हणून केस गळतात, तोंड येतं, उलट्या होतात. आता कळलं ना टोपीचं गुपित? केस आजारानं गेले नव्हते, औषधानं गेले होते. आणि औषध कमी झालं की ते पुन्हा येतात.

बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?

पहिल्या महिन्याभरातच बाळूच्या रक्तात हट्टी पेशी दिसेनाशा झाल्या. मग संपलं का? नाही! दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नव्हे. म्हणून पुढे काही महिने वेगवेगळी औषधं जोरात देतात. मेंदूपर्यंत साधं औषध नीट पोचत नाही, म्हणून पाठीच्या कण्यात सुई देतात. आणि त्यानंतर दीड-दोन वर्षं रोज एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या आणि ठरल्या वेळी तपासणी. सगळं मिळून अडीच-तीन वर्षं. १९६० च्या दशकात डॉक्टरांनी अशी अनेक औषधं मिळून, दीर्घकाळ देऊन पाहिली, तेव्हा कुठे मुलं कायमची बरी होऊ लागली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बाळूच्या वडिलांनी मुंबईला जायचं सोडलं. पोरगं पळत होतं, खेळत होतं. रिपोर्ट चांगला आला होता. इकडे म्हैस विकून झाली होती. रानात काम पडलं होतं. मुख्याध्यापक आणि मी त्यांच्या घरी गेलो. मी पुष्कळ बोलले. ते खाली मान घालून ऐकत होते. "बाई, दुखणं गेलं की. आता कशापायी खेपा?" असं म्हणत होते. शेवटी मी वर्गातलीच गोष्ट सांगितली. "दादा, रान हरळीनं भरलं आणि वरून सगळी कापली. रान स्वच्छ दिसतं. तुम्ही तेवढ्यावर सोडाल का?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हरळी काय सोडतीय?" पुढच्या सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं दोघं निघाले. मुंबईला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले. परगावच्या कॅन्सर रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना तिथे आसरा मिळतो.

पालकहो, ही गोष्ट मुद्दाम सांगितली. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. गरीब देशांत पुष्कळ कमी. औषधं माहीतच नाहीत असं नाही. आजार उशिरा ओळखला जातो, औषध हाती पडत नाही, आणि उपचार मध्येच सोडले जातात. आपल्या राज्यात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरच्या उपचारांचा समावेश आहे. रेल्वेत आणि एस.टी.त रुग्णाला भाड्यात सवलत मिळते. इस्पितळातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा. विचारायला लाजू नका.

नवे डाव

काही रुग्णांना एवढ्यानंही गुण येत नाही. मग त्यांची बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करतात आणि भावाची किंवा बहिणीची जुळणारी मज्जा देतात. देणाऱ्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. भारतात हे काम टाटा मेमोरियलमध्ये १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी करून दाखवलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीवरून काम करत, बरं का!

रक्ताच्या कॅन्सरचेही प्रकार आहेत. एका प्रकारात एकच बिघडलेलं प्रथिन पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम देत राहतं. त्या प्रथिनाचंच तोंड बंद करणारी इमॅटिनिब नावाची गोळी २००१ मध्ये आली. रोज गोळी घेऊन लोक वर्षानुवर्षं आपापली कामं करतात. दुसऱ्या एका प्रकारावर अ जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद आणि चक्क सोमल देतात. हो, तेच सोमल, विष! डॉक्टरांच्या हातात, मोजून दिलं की तेच औषध होतं.

आणि सगळ्यांत नवा डाव म्हणजे आपल्याच शरीरातल्या शिपायांना शिकवायचं. रुग्णाच्या रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी बाहेर काढतात. पोलिसांना चोराचा फोटो दाखवावा तशी प्रयोगशाळेत त्यांना हट्टी पेशीची ओळख करून देतात आणि परत रुग्णाच्या शरीरात सोडतात. अमेरिकेत २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला असा उपचार मिळाला. रक्ताच्या कॅन्सरवर तो घेणारी ती पहिली मुलगी, आणि ती बरी झाली. मुंबईच्या आय.आय.टी.नं टाटा मेमोरियलच्या सोबतीनं हा उपचार भारतात तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारची मान्यता मिळाली. सध्या तो काही ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरच, इतर औषधं हरली की देतात.

कोणाची लागण कोणाला?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. कॅन्सर शेजारी बसल्यानं होत नाही. डबा वाटून खाल्ल्यानं, हात धरल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानंही होत नाही. मुलांना होणारा कॅन्सर कोणाच्या पापानं किंवा चुकीनंही होत नाही.

पण लागण होतेच, मुलांनो! ती उलट्या बाजूनं. औषधांमुळे बाळूचे शिपाई कमी झालेले असतात. आपली साधी सर्दी त्याला तापात पाडते. कांजिण्या आणि गोवर तर त्याच्यासाठी फारच धोक्याचे. म्हणजे बाळूपासून आपल्याला धोका नाही, आपल्यापासून बाळूला आहे!

हे ऐकून वर्ग एकदम गप्प झाला. मग मुलांनीच नियम केले. सर्दी-खोकला असेल त्यानं त्या दिवशी लांब बसायचं. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. कोणाच्या घरी कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी बाईंना सांगायचं. गेल्या फेब्रुवारीत एका मुलीच्या धाकट्या भावाला कांजिण्या आल्या. ती शाळेतच आली नाही. सकाळी आईला निरोप घेऊन पाठवलं. मी लगेच बाळूच्या घरी कळवलं आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं. ती आई कोण, सांगू? तीच! "पोरीला त्याच्याजवळ बसवू नका" म्हणणारी.

आई-बाबांना वाचून दाखवा

डॉक्टरांकडे लगेच जावं असं केव्हा? बरेच दिवस ताप जात नाही, मूल पांढरं पडतंय आणि दमतंय. न लागता काळेनिळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येतं. मानेत, पोटात किंवा कुठेही गाठ लागते आणि ती वाढत जाते. हाड सारखं दुखतं, रात्री जास्त दुखतं. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं आणि उलटी होते. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, फोटोतसुद्धा. यातलं काही दिसलं म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. माझ्यासारखं घरच्या घरी ठरवू नका.

बाळू आता पाचवीत आहे, आमच्याच शाळेत. त्याचे केस पुन्हा आले आहेत, पूर्वीपेक्षा थोडे कुरळे. घरी दिनदर्शिकेवर गोळी घेतली की तो रोज एक फुली मारतो. अजून चार महिन्यांच्या फुल्या बाकी आहेत. त्यानंतरही काही वर्षं तपासणीला जावं लागेल. सगळं नीट होईल का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरही तसं सांगत नाहीत. पण एकही फुली चुकवायची नाही, एवढं आमचं ठरलेलं आहे.

परवा एका नव्या मुलानं त्याला विचारलं, "कॅन्सरवर औषध असतं का रे?"

बाळू म्हणाला, "एक नसतं. पुष्कळ असतात. तुला कुठल्या कॅन्सरचं पाहिजे ते सांग!"